तळ्यात की मळ्यात

बागेतलं तळं भरून झालं त्या संध्याकाळी मी काठावर बसून आठ-दहा फोटो काढले आणि त्यातला एकही कुणाला पाठवला नाही. ओल्या पुठ्ठ्याच्या रंगाचा एक सपाट तुकडा, त्यावर ढगाची धूसर सावली, बस्स. तीन आठवडे खणून मी जमिनीत एक पुठ्ठा पुरलाय, असंच कुणालाही वाटलं असतं.

तळं तसं लहानच. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, मध्यभागी ६० सेंटिमीटर खोल. काठाचा उतार वजा करूनही ३,००० लिटर पाणी मावतं. खाली जाड रबरी शीट, तिच्यावर गोटे, कडेला कमळासाठी दोन जाळीदार कुंड्या. सगळं मनात आधीच तयार होतं: तळाचे गोटे दिसतायत, देठ वर येतायत, माशाची सावली गोट्यांवरून सरकतेय. खणताना जो काही उत्साह होता तो या सावलीच्या जोरावर होता, माशाच्या नव्हे.

त्याच संध्याकाळी उठताना हातातलं खुरपं सटकलं आणि डुबुक करून आत गेलं. बाही वर करून हात घातला. मनगटापाशी माझा हात दिसेनासा झाला. कोपरापर्यंत चाचपडलं, दोन गोटे हाताला लागले, खुरपं काही लागलं नाही. हात बाहेर काढला तेव्हा केसाकेसावर मातीची बारीक पूड बसली होती. म्हटलं, जाऊ दे, पाणी निवळलं की आपोआप दिसेल.

‘निवळणं’ हा शब्द आपल्याकडे फार उदार आहे. पाणी निवळतं, आभाळ निवळतं, आलेले डोळे निवळतात, घरातलं तंग वातावरणही निवळतं. आणि या सगळ्यात कर्ता कुणी नसतोच. कुणी निवळवत नाही, ते आपलं आपण निवळतं. आपण फक्त बाजूला बसायचं. या क्रियापदावर विसंबून मी पहिले चार दिवस बाजूला बसलो.

पाचव्या दिवशी मात्र माझा धीर सुटला आणि मी कर्ता व्हायचं ठरवलं.

आधी पंप आणला. तो तळाशी ठेवला, कारण गाळ तळाशी असतो, म्हणजे पंपही तिथेच हवा असं माझं गणित. पंपाने तळाची माती इमानदारीने उचलून वर आणली आणि कारंज्यातून पुन्हा तळ्यात सोडली. मग पंपाला स्पंजाची गाळणी जोडली. स्पंज काळा पडला, मी तो धुतला, पुन्हा काळा पडला, पुन्हा धुतला, पाणी होतं तसंच. मग पाणी स्वच्छ करणारं म्हणून मिळणारं एक द्रावण ओतलं, बाटलीवरच्या मापापेक्षा थोडं जास्त, कारण माझं पाणी बाटलीवरच्या चित्रापेक्षा फारच वाईट होतं. काही नाही. शेवटी अर्धं तळं उपसलं आणि पाइप लावून जोरात नवं पाणी सोडलं. धार थेट तळावर आदळली. दोन तासांनी तळं पहिल्या दिवशी होतं त्याहून गढूळ होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझा तर कोपरापर्यंत हात आत होता.

ताईला फोन केला. ती रसायनशास्त्र शिकवते, आणि शिकवणाऱ्या माणसांची एक सवय तिला आहे: प्रश्नाला उत्तर देण्याआधी ती तीन प्रश्न विचारते.

“रंग कसा आहे?”

“मातकट.”

“हिरवट नाही ना? पांढऱ्या बशीत घेऊन बघ. हिरवी झाक असेल तर ते शेवाळ, त्याचा इलाज वेगळा. मातकट असेल तर माती.”

बशीत घेतलं. माती.

“आता एक पारदर्शक बाटली भर, झाकण लाव, खिडकीत ठेव आणि तीन दिवस तिला हात लावू नकोस. तुझ्याच्याने होईल ना?”

होईल म्हणालो. हा टोमणा होता हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

बाटली खिडकीत ठेवली आणि खरोखरच हात लावला नाही. बाटलीत जे झालं ते तळ्यात दिसणं शक्य नव्हतं, म्हणून ते सविस्तर सांगतो. पहिल्या मिनिटातच तळाशी रेतीचा एक पिवळसर थर धरला गेला. प्रत्येक कण वेगळा मोजता येईल इतका भरड. संध्याकाळपर्यंत त्यावर राखाडी रंगाची मऊ साय आली, गाळाची. बाटली एवढ्यावरच निवळेल असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सायीची जाडी किंचित वाढली होती. तिसऱ्या दिवशी ती तेवढीच. आणि तिच्यावरचं सगळं पाणी, बुडापासून गळ्यापर्यंत, एकसारखं धुरकट. तिथे वर स्वच्छ आणि खाली गढूळ अशी रेघही नव्हती. बाटलीमागे ठेवलेल्या वर्तमानपत्राचा मथळा वाचता येत होता, बातमी वाचता येत नव्हती.

“म्हणजे चिकणमाती आहे,” ताई म्हणाली. “बाटलीतलं पाणी रात्रीत निवळलं असतं तर मी म्हटलं असतं, तळ्यात कुणीतरी ढवळतंय. ते ढवळणारं कोण हेही मी सांगितलं असतं. पण हिला नुसतं थांबून जमणार नाही.”

मग तिने हिशोब सांगितला. जॉर्ज स्टोक्स नावाच्या गणितज्ञाने १८५१ साली द्रवातून बुडणाऱ्या बारीक गोळ्याचा वेग किती हे मांडलं. त्यातली मेख अशी की कणाचा व्यास निम्मा झाला की वेग निम्मा नाही, पाव होतो. एक दशांश मिलिमीटरचा रेतीचा कण माझ्या तळ्याचे ६० सेंटिमीटर जेमतेम सव्वा मिनिटात उतरतो. शंभरावा भाग मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉनचा गाळाचा कण सुमारे दोन तास घेतो. चिकणमाती म्हणतात ती २ मायक्रॉनच्या खालची. तिच्यातला सगळ्यात मोठा कणसुद्धा जवळजवळ दोन दिवस घेतो, १ मायक्रॉनचा आठवडाभर, आणि ०.२ मायक्रॉनचा सहा महिने. तेही पाणी अगदी निश्चल असेल तर. वारा नाही, बेडूक नाही, उन्हाने पाणी वरखाली होणं नाही, आणि खुरपं शोधणारा मी नाही.

प्रत्यक्षात त्याहून बारीक कण खाली बसतच नाहीत. पाण्याचे रेणू त्यांना सगळीकडून ढुशा देत असतात. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउनने सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातल्या बारीक कणांचा जो थरथराट पाहिला, तो हाच. त्या रात्री मी खोलीतला दिवा बंद करून बाटलीवर आडवा टॉर्च मारला. स्वच्छ पाण्यातून उजेड जातो पण त्याची वाट दिसत नाही. इथे बाटलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उजेडाची सरळ दांडी उभी होती, धुळीच्या खोलीत कवडशाची दिसते तशी. तीन दिवस निवांत ठेवलेलं पाणी, आणि आत एवढी वस्ती.

आता एक प्रश्न उरतोच. एवढे कण एकमेकांवर आपटतात, मग चिकटून मोठे का होत नाहीत? मोठे झाले की बुडतीलच की. तर ते चिकटत नाहीत, कारण सगळ्यांवर एकच भार आहे. चिकणमातीचा कण म्हणजे चपटी पातळ पापडी. तिच्या जडणघडणीतच सिलिकॉनच्या जागी कुठे ॲल्युमिनियम, ॲल्युमिनियमच्या जागी कुठे मॅग्नेशियम बसलेलं असतं, आणि त्या अदलाबदलीत तिच्या पृष्ठावर ऋण भार शिल्लक राहतो. प्रत्येक पापडी ऋण. दोन जवळ आल्या की एकमेकींना ढकलतात. एकाच स्वभावाची माणसं एका घरात राहिली की जे होतं, ते लिटराला कोट्यवधींच्या संख्येने.

“नुसतं शांत राहा, गढूळ पाणी आपोआप निवळतं” हा सल्ला मी आयुष्यात किती वेळा ऐकलाय, दोन-तीनदा दिलाही आहे. देणाऱ्यांनी बहुधा रेतीचं पाणी पाहिलेलं असावं.

यावरचा उपाय नद्यांना माहीत आहे. शेकडो किलोमीटर वाहून आणलेली चिकणमाती समुद्राच्या खाऱ्या पाण्यात शिरली की मिठातले धन भाराचे कण पापड्यांवरच्या ऋण भाराला झाकतात, ढकलाढकली थांबते, गुठळ्या होतात आणि गाळ खाली बसतो. त्रिभुज प्रदेश घडण्यात याचा मोठा हात आहे. मिठातल्या सोडियमवर एकच धन भार असतो. कॅल्शियमवर दोन असतात, ॲल्युमिनियमवर तीन, आणि त्यांचं बळ एक-दोन-तीन असं वाढत नाही. शुल्झ आणि हार्डी या दोघांच्या नावाने ओळखला जाणारा ढोबळ नियम सांगतो की ते भाराच्या सहाव्या घाताने वाढतं: १, ६४, ७२९. तुरटीत ॲल्युमिनियम असतं. तुरटीचा एवढासा खडा एवढं काम का करतो, ते या ७२९ मध्ये आहे. शिवाय पाण्यात ती विरघळली की ॲल्युमिनियमचा बुळबुळीत, पिंजल्यासारखा साका तयार होतो आणि खाली बसता बसता वाटेतले कण गोळा करत जातो.

हे ऐकून मी तुरटी घेऊन तळ्याकडे निघालो होतो. ताईने फोनवरच थांबवलं. “आधी बाटल्या.”

सहा बाटल्या, प्रत्येकीत तळ्याचं एक लिटर पाणी. एक लिटर साध्या पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवून ठेवली. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. बिनसुईच्या सिरिंजने पहिल्या बाटलीत काहीच नाही, मग १, २, ३, ५ आणि शेवटच्या बाटलीत १० मिलिलिटर. आधी जोरात ढवळायचं, मग सावकाश, मग ठेवून द्यायचं. शेवटच्या बाटलीवर माझी सगळी भिस्त होती. तीत सर्वात जास्त.

वीस मिनिटांत तिसऱ्या-चौथ्या बाटलीत हिमाच्या कणांसारखे पुंजके दिसू लागले. आधी ते तरंगतायत असं वाटतं, मग एक हळूच खाली येतो, त्याच्या वाटेत दुसरा येतो, दोघं मिळून जरा वेगाने येतात. तासाभरात त्या दोन बाटल्या अशा झाल्या की मागच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींच्या खालच्या बारीक अटीसुद्धा वाचता याव्यात. आणि शेवटची, भिस्तीची बाटली? धुरकट. जवळजवळ पहिल्या बाटलीइतकीच. तीत बुडवलेली आम्लता तपासायची कागदी पट्टी आंबट पाण्याचा रंग दाखवत होती. तुरटी जास्त झाली की पाणी आम्ल होतं, साका नीट धरत नाही, आणि कणांवर धन भार इतका चढतो की ऋण होते तेव्हा ढकलायचे तसेच ते धन होऊनही एकमेकांना ढकलू लागतात. बाजू बदलली, भांडण तेच.

मापापेक्षा जास्त ओतलेल्या त्या द्रावणाची मला आठवण झाली. ताईला मात्र ते सांगितलं नाही.

माझ्या पाण्यात क्षार मुळात कमी होते, म्हणजे आम्लता पेलण्याची ताकद कमी. बेडूक येऊन राहिला होता, गोगलगायी होत्या. आम्लता एकदम वाढली तर त्यांच्या जिवावर बेतायचं. सोबत चुना घालून तुरटी वापरता येते, पण आम्ही जिप्सम, म्हणजे कॅल्शियम असलेलं एक खनिज, घेतलं. त्यातलं कॅल्शियम ७२९ चं नसलं तरी ६४ चं आहे, पाण्याची आम्लता फारशी हलवत नाही, आणि ते लिटरात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं. काम दिवसांत होतं, तासांत नाही. लिटरमागे २०० मिलिग्रॅम, म्हणजे अख्ख्या तळ्याला ६०० ग्रॅम. बादलीत पातळ कालवून झाऱ्याने पृष्ठभागावर फिरवलं, पंप बंद केला, आणि या वेळी बाजूला बसण्यात काहीतरी अर्थ होता.

मोजायला पत्र्याचं पांढरं झाकण दोरीला बांधलं. ही युक्ती अँजेलो सेक्की नावाच्या खगोलशास्त्रज्ञ धर्मगुरूची. १८६५ मध्ये त्याने जहाजावरून समुद्रात पांढरी तबकडी सोडून ती कुठे दिसेनाशी होते ते मोजलं. समुद्राला लागलेलं माप मी माझ्या खड्ड्याला लावत होतो. पहिल्या दिवशी झाकण ९ सेंटिमीटरवर नाहीसं झालं. मग १४. मग २३. पाचव्या दिवशी ४१. सहाव्या दिवशी सकाळी दोरी सोडता सोडता झाकण तळाला टेकलं तरी दिसतच होतं, आणि त्याच्या बाजूला एक गोटा, मग आणखी एक. मी त्या दिवशी फोटो पाठवले. सगळ्यांना.

त्याच रात्री पाऊस आला.

सकाळी पुठ्ठा परत.

ताईला फोन करायची लाज वाटली. पाऊस थांबला नव्हता, छत्री घेतली आणि काठावर जाऊन बसलो. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून पाहत राहिलो, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच पाण्याकडे न पाहता काठाकडे पाहिलं.

तळ्याच्या मागच्या बाजूला मी एक उंचवटा केलाय, म्हणजे केला होता. खड्ड्यातली माती टाकायची कुठे, म्हणून तिथेच रचली, हाताने थापून गोलसर केली, वर दोन दगड ठेवले. माझ्या सौंदर्यदृष्टीचा तो मानबिंदू होता. आता त्या उंचवट्यावर थेंब पडत होता आणि जिथे पडत होता तिथून मातीचे शिंतोडे उडत होते. थेंबाखाली एक इवलंसं भोक. भोकातलं पाणी पुढच्या भोकात, तिथून करंगळीएवढ्या चरात, आणि तीन-चार चर एकत्र होऊन दोन दगडांच्या मधून, जणू मी त्यांच्यासाठीच दार ठेवलं होतं, सरळ तळ्यात. पाण्यात शिरताना तो ओघळ लगेच मिसळत नव्हता. आधी तपकिरी जीभ आत जायची, खाली वळायची, तिच्या कडा कुरळ्या व्हायच्या, मग विरायची. मागून दुसरी.

लहानपणी तळ्यात-मळ्यात खेळताना मी नेहमी बाद व्हायचो. ‘मळ्यात’ ऐकलं की माझे पाय तळ्यात. तीच सवय अजून आहे. महिनाभर मी तळ्यात पंप, तळ्यात गाळणी, तळ्यात औषध करत होतो, आणि माती मळ्यातून येत होती. पाण्याने बिचाऱ्याने तीनदा निवळून दाखवलं असतं, मी त्याला रोज नवं काम देत होतो. ताई म्हणाली होती, ढवळणारं कोण हेही मी सांगितलं असतं. मला वाटलं होतं ती माझ्याबद्दल बोलतेय. उंचवटाही मीच केलेला, तेव्हा तिचं फारसं चुकलं असतं असंही नाही.

पुढचं पटकन सांगतो, कारण ते कष्टाचं आहे आणि त्यात गंमत नाही. उंचवटा फोडला आणि माती बागेच्या दुसऱ्या टोकाला नेली, जिथून उतार तळ्याकडे येत नाही. रबरी शीटची कडा चारी बाजूंनी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं वर उचलली आणि तिच्याखाली दगड दाबून बसवले, म्हणजे बाहेरचं पाणी बाहेरूनच वळसा घालून जाईल. उघड्या मातीवर पसरणारं गवत लावलं. पंप तळावरून काढून विटांवर चढवला. कमळाच्या कुंड्या मी त्याच खड्ड्यातल्या मातीने काठोकाठ भरल्या होत्या. त्यांच्यावर धुतलेल्या खडीचा जाड थर दिला. आणि ‘धुतलेल्या’ हा शब्द मला आता कळतो. तळाशी घातलेले गोटे मी न धुता, पोत्यातून थेट ओतले होते. मासे अजून सोडलेले नाहीत. तळ उकरून खाणाऱ्या जातीचे तर सोडणारच नाही. गाळ उकरायला या घरात एक जण आधीच आहे.

पावसात आलेली ती माती, मात्र, दोन दिवसांत आपली आपण बसली. जिप्सम पुन्हा टाकावं लागलं नाही. आधी टाकलेलं कॅल्शियम पाण्यात होतंच. क्रियापद अखेर मला हवं तसं चाललं.

पाणी निवळल्यावर ऊन तळापर्यंत पोचलं आणि आठवड्याभरात बशीत हिरवी झाक दिसू लागली, ती एक वेगळीच गोष्ट. ताईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हसली.

पण खुरपं दिसलं. काल दुपारी, ऊन डोक्यावर असताना. मी शोधलं होतं त्या जागेपासून चांगलं हातभर लांब, दोन गोट्यांच्या मध्ये तिरपं पडलंय. मूठ वर, पातं गोट्याखाली. पात्यावर, मुठीवर, गोट्यांवर, सगळ्यावर मऊ गाळाचा एकसारखा थर आहे, बोट लागलं तरी धूर होऊन उठेल असा. त्यावरून कुठल्याशा गोगलगायीची नागमोडी वाट गेलीय, मुठीवर चढून पलीकडे उतरलेली.

बाही वर केली होती. कोपर पाण्याजवळ नेलं होतं.

नवीन खुरपं आज आणलं.